उजवीकडचं लिंबू

"चपला बाहेर काढून आत येतेस ना, प्रमिला? तसंच जाताना सुचलेलं आत काढून जायचं. घरी न्यायचं नाही."

हेमाताईंचा आवाज मऊ होता. तुपात बोट बुडवून बोलल्यासारखा. त्या असं म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होते, खांद्यावर नवं आसन होतं, आणि मनात एकच प्रश्न होता.

"ताई, हे व्रतच म्हणायचं का?"

त्या हसल्या. "हवं तर व्रत समज."

मी समजले. दुसऱ्या दिवशी तुळशीपुढची रांगोळी झाली, जपाची माळ झाली आणि देवापुढे बसून मी तळहातावर पाणी घेतलं. ध्यानाच्या बैठकीत जे सुचेल ते तिथंच ठेवीन, घरी आणणार नाही, असं म्हणून ते पाणी ताम्हनात सोडलं. चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी गूळ सोडतं. मी सुचणं सोडलं.

आता हे सोडणं मला किती जड होतं ते कळायला माझा उद्योग सांगायला हवा. मी रुखवतं करून द्यायची. सांगलीत आमच्या भागात लग्न ठरलं की मुलीकडची माणसं कार्यालय बघायची आणि मग माझ्याकडे यायची. सुपारीचे नवरानवरी, डाळींचा गालिचा, खोबऱ्याची तुळस, हे सगळेच करतात. माझ्याकडे लोक यायचे ते 'काकू, काहीतरी वेगळं करा' म्हणत. म्हणजे मी सुचण्यावरच जगत होते.

आणि सुचायचं बंद झालं होतं. धाकटी बहीण कुमुद गेली त्यानंतरचं ते वर्ष. हात चालायचे, पण डोकं खोबऱ्याच्या करवंटीसारखं कोरडं. मग कुणीतरी हेमाताईंचं नाव सांगितलं. त्या यजमानांच्या नोकरीपायी कितीतरी वर्षं जपानात राहिलेल्या. तिथं झेन ध्यान शिकून आलेल्या. पहाटे सात-आठ बायका त्यांच्या गच्चीवर भिंतीकडे तोंड करून बसायच्या. डोळे अर्धे मिटलेले, श्वास मोजायचा, एक ते दहा, चुकलं की परत एक.

"भिंतीकडेच बघायचं असेल तर आपल्या मोरीची भिंत काय वाईट आहे?" आमचे हे म्हणाले होते. पण स्कूटरवरून रोज तिथवर सोडायचे.

बैठक संपली की हेमाताई घंटा वाजवायच्या. मग एकेकीनं बांबूच्या पडद्यामागे त्यांच्यासमोर जाऊन बसायचं. त्याला त्या 'भेट' म्हणायच्या. बसताना काय झालं ते तिथं सांगायचं. पहिल्याच भेटीत त्यांनी नियम सांगितला होता, "इथलं बोलणं या पडद्यापलीकडे जात नाही."

गंमत अशी, की मोजायला बसले आणि बंद पडलेलं सगळं धो धो सुरू झालं. एक म्हटलं, दोन म्हटलं, तीनला समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून वरातीचा बँड चाललेला. सुपारीचे बँडवाले, त्यांच्या तोंडात लवंगांच्या पिपाण्या, पुढं जायफळाचा ढोल, आणि मागं एक सुपारी जरा वाकडी, थोडी 'घेऊन' आलेली. मला हसू आवरेना. भेटीत हेमाताईंना सांगितलं तर त्याही खूप हसल्या, पदरानं डोळे टिपले.

"लवंगांच्या पिपाण्या! काय गं डोकं तुझं. बरं, आता ठेव इथंच."

मी ठेवलं. घरी येऊन सुपाऱ्यांच्या डब्याला हातसुद्धा लावला नाही.

पुढं काही महिन्यांनी माझी भाची मृणाल, कुमुदची मुलगी, मला फोनवर एक फोटो दाखवायला लागली. पुण्यातल्या कुठल्या लग्नातला. सुपारीचा बँड. लवंगांच्या पिपाण्या. मागं एक वाकडी सुपारी.

"मावशी, हे तुझ्यासारखंच आहे बघ."

मी दुसऱ्या दिवशी भेटीत भीत भीत विषय काढला. हेमाताईंनी माझ्याकडे मायेनं पाहिलं.

"कल्पना हवेत असतात, प्रमिला. तुझ्या खिडकीतून येते ती शेजारणीच्याही खिडकीतून येते. त्यात माझंतुझं कसलं?"

मला इतकी शरम वाटली, की संशय घेतला म्हणून त्या दिवशी मी एकभुक्त राहिले. हेमाताईंची सून केतकी पुण्यात लग्नांची सजावट करते हे मला ठाऊक होतं. पण ते आणि हे मी जोडलं नाही. ज्या बाईपुढे रोज मान लवते, तिच्याबद्दल असं जोडायला हात धजावत नाही.

त्यानंतर श्रावणात ते ताट आलं.

बाहेर भुरभुर होती. श्वास मोजता मोजता भिंतीवर मला पंगत दिसली. दालचिनीच्या सालीचे इवलेसे पाट, समोर नाण्याएवढी चांदीच्या कागदाची ताटं. खसखशीच्या भाताच्या मुदी, मुगाच्या डाळीची लिंबाची फोड, मीठ म्हणून मीठच. सगळी ताटं रीतीप्रमाणे वाढलेली. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी. फक्त नवरीशेजारचं एक ताट उलटं. त्याचं लिंबू उजवीकडे.

घंटा झाली तरी मी उठले नाही. हेमाताईंनीच येऊन खांद्याला हात लावला.

पडद्यामागे गेल्यावर मला रडू फुटलं. "ताई, कुमुद आली होती."

"सांग."

"ती डावखुरी होती. लहानपणी तिनं डावा हात ताटात घातला की आत्या पळी मारायची हातावर. उजव्यानं जेव म्हणायची. कुमुद मग नीट जेवायचीच नाही. सगळ्यांची जेवणं झाली की मी तिला मागच्या पडवीत बसवायची आणि ताट उलटं वाढायची. आरशात दिसतं तसं. आमच्या दोघींचंच होतं ते. पुढं तिच्या घरी मायलेकीच जेवायला असल्या की ती स्वतःचं ताट तसंच घ्यायची. शेवटी अंथरुणावर मृणालनंही तिला तसंच वाढलं."

हेमाताई ऐकायच्या फार सुंदर. समोरच्याला वाटायचं, आपण विहिरीत बोलतोय आणि पाणी सगळं पोटात घेतंय.

"जाण्याआधी मला म्हणाली, अक्का, मृणालच्या रुखवतात मला बसव. पण गुपचूप. लग्नात कुणी माझ्या नावानं हळहळायला नको. तिला एकटीला कळलं पाहिजे, आई आलीय म्हणून. मी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलंय, ताई. दोन वर्षं डोकं फोडतेय, सुचत नव्हतं. आज सुचलं. आणि माझं व्रत आहे, इथलं घरी न्यायचं नाही."

"मग?"

"एवढं एकच मला परत मिळेल का?"

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "माझ्याकडे ठेव म्हणून राहू दे. लग्न ठरलं की माग. तोवर त्याला हात लावायचा नाही. कुठं जातंय?"

मी त्यांच्या पाया पडले. घरी येताना वाटलं, कुमुदचं सामान सुरक्षित जागी ठेवून आले.

मृणालचं लग्न दिवाळीनंतर ठरलं, मार्गशीर्षातली तारीख. पोरगी माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "रुखवतात काय करणार, मावशी?"

"बघशील."

"सांग ना थोडंसं."

"थोडंसंसुद्धा नाही."

मी हेमाताईंकडे ठेव मागायला जाणार होते, तेवढ्यात त्यांचंच आमंत्रण आलं. केतकीनं आपल्या गावात नव्या धर्तीच्या रुखवतांचं प्रदर्शन मांडलंय, बैठकीच्या सगळ्याजणींनी यायचंच. म्हटलं, मृणाललाही घेऊन जाऊ, तिथंच ताईंशी बोलून घेऊ. मला गुरुवार होता. केळं खाऊन निघाले.

कार्यालयाच्या हॉलमध्ये ही गर्दी. एका कोपऱ्यात तर बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या. काळं कापड, वरून दिव्याचा झोत, आणि त्याखाली एकच पाट, एकच ताट. खरंखुरं, जेवायचं असतं तेवढं. भात मेणाचा केलेला असावा. मी टाचा उंचावून पाहिलं.

लिंबू उजवीकडे होतं.

"अगंबाई, वाढपी नवीन दिसतोय," माझ्यापुढची एक जाडशी बाई म्हणाली.

"हळू बोल. मुद्दाम केलंय. झेन आहे ते."

"झेन असो नाहीतर आणखी काही, मी असं वाढलं असतं तर सासूनं ताटासकट मला उचलून बाहेर ठेवलं असतं. शुभकार्यात उलटं ताट! काहीतरीच."

तेवढ्यात केतकीनं माइक घेतला. गोड मुलगी, ठसठशीत नथ घातलेली.

"ही कल्पना आमच्या आईंना ध्यानात सुचली," ती म्हणाली. "एक डावखुरी मुलगी. ताटात डावा हात घातला की तिच्या हातावर पळी बसायची. मग तिची मोठी बहीण तिला मागच्या पडवीत बसवायची आणि चोरून उलटं ताट वाढायची. ती मुलगी मोठी झाली, आई झाली, आणि लेकीचं लग्न बघायच्या आधीच गेली. हे ताट त्या आईचं आहे."

हॉलमध्ये हळहळ उठली. अगदी कुमुद नको म्हणाली होती तशीच. मघाची जाडशी बाई रुमाल शोधायला लागली.

कुणीतरी हेमाताईंना विचारलं, "ती मुलगी तुमच्या नात्यातली का हो?"

हेमाताई ताटाशेजारीच उभ्या होत्या. मोतिया रंगाची साडी, डोळे बैठकीत असतात तसे अर्धे मिटलेले. त्यांनी डोळे उघडले, माझ्यावरून त्यांची नजर गेली, आणि पुढं सरकली.

"माझी धाकटी बहीण," त्या म्हणाल्या. "गेली ती."

त्यांना बहीण नव्हती. दोन भावांवरची एकुलती एक मुलगी, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

माझ्या दंडावर मृणालची बोटं रुतली होती. मी वळून पाहिलं तर तिचं तोंड पांढरंफटक. ती मला ओढत बाहेर घेऊन आली, चपलांच्या ढिगापाशी.

"हे आईचं आहे."

"हो."

"पळी, पडवी. हे त्या बाईला कुणी सांगितलं, मावशी?"

"मी."

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"एकीलाच गं. पडद्यामागे. तुझ्याचसाठी..."

"एकीला सांगितलंस म्हणजे गावाला सांगितलंस." ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची तसं जेवताना. बाबांनासुद्धा माहीत नव्हतं. आता दोनशे बायका बघतायत तिचं ताट, तिकीट काढून. तू हेच करणार होतीस माझ्या रुखवतात?"

"असं नाही. पंगतीत एकच ताट, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. फक्त तुझ्या..."

"मला नको आता. काही नको. टेबल रिकामं राहू दे." तिनं पायात चपला सरकवल्या. उजव्या-डाव्याची गडबड झाली, तशीच चालायला लागली, मग थांबून बदलल्या. "माझ्या सासूबाई येणारेत उद्या हे बघायला. त्यांना सांगू, की ती माझी आई आहे? का हेमाताईंची बहीण?"

रिक्षात बसून ती निघून गेली. मी बसनं घरी आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले. रांगोळी काढली. पाकळ्या पुऱ्या केल्या. माळ पुरी केली. मगच गच्चीवर गेले. बाकीच्या यायच्या होत्या. हेमाताई एकट्याच उदबत्ती लावत होत्या. मी न सांगता पडद्यामागे जाऊन बसले. त्या आल्या, समोर टेकल्या.

"काल बोलायला थांबली नाहीस."

"ताई, तुम्हाला बहीण कधी झाली?"

"प्रमिला, तुझं नाव कुठं घेतलं? कुमुदचंही नाही घेतलं."

"घेतलं असतं तर बरं झालं असतं."

"केतकीचं इथलं पहिलंच प्रदर्शन. ऐनवेळी तिच्याकडे मध्ये मांडायला काही नव्हतं. फोनवर रडत होती पोर. माझ्या तोंडून गेलं. मला तरी कुठं माहीत, ती एवढं सगळं माइकवर बोलेल?"

"आणि बँड? तोही तोंडून गेला?"

उदबत्तीचा धूर पडद्यातून आत येत होता. मग त्या सावरून बसल्या आणि त्यांचा शिकवतानाचा आवाज आला, तोच तुपातला.

"तू एवढी धरून का बसली आहेस? सगळं सोडायचं व्रत घेतलंयस ना? सुचणं कुणाचंच नसतं. तू सोडलंस, ते वाऱ्यावर गेलं. त्याचा हिशेब कसला?"

मी आयुष्यात मोठ्यांना उलट बोलले नाही. त्या दिवशीही आवाज चढला नाही माझा.

"सोडायचं व्रत माझं होतं, ताई. उचलायचं व्रत तुम्ही कधी घेतलंत? आणि हे मी सोडलं नव्हतं. ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात, माग. मागायला आले होते मी काल."

त्यांनी मान खाली घातली. पहिल्यांदाच मला त्यांच्या भांगातले पांढरे केस दिसले.

"कल्पना तुमची असू दे," मी म्हटलं. "पंगत घ्या, पाट घ्या. बहीण माझी होती."

जिन्यावर बाकीच्यांची पावलं वाजली. हेमाताई उठल्या, घंटेजवळ गेल्या. "बैस. वेळ झाली," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

तिथली रीत अशी, की उठताना आपल्या आसनाला नमस्कार करायचा. मी केला. त्या खोलीतली सगळी आसनं मीच शिवलेली, सावरीचा कापूस भरून. माझं तेवढं काखेत मारलं आणि खाली आले.

घरी मी भांड्यांच्या खोलीत आसन टाकलं, पिठाच्या डब्यासमोर, भिंतीकडे तोंड करून. ह्यांनी दारातून डोकावून पाहिलं. एरवी काहीतरी बोलले असते. त्या दिवशी दार हळूच लोटून घेतलं.

रोज बसत होते. एक, दोन, तीन. तीनला काही यायचं नाही, नुसता राग यायचा. पळीचा आवाज यायचा, माइकचा यायचा, 'माझी धाकटी बहीण' ऐकू यायचं, की परत एक. मृणाल फोन घेत नव्हती. लग्नाच्या याद्या, मुहूर्तमेढ, सगळं तिच्या काकूंकडून कळायचं. केळवणाला बोलावलं तर निरोप आला, वेळ नाही म्हणून. उलटं ताट तर आता गावभर झालं होतं. दोन गिऱ्हाइकं माझ्याकडेच येऊन म्हणाली, "काकू, ते डावऱ्या आईचं ताट आलंय ना, तसं करून द्याल?"

मी नाही म्हटलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी बसले होते. किती मोजून झालं होतं आठवत नाही. मोजायचं राहूनच गेलं होतं बहुतेक. भिंतीवर दुधाच्या पातेल्यावरून परतलेलं ऊन पडलं होतं. आणि कुमुद आली. ताट नाही, पाट नाही. कुमुदचं आणखी एक होतं, ताटापेक्षाही लहान, जे मला ठाऊक होतं आणि मृणालला ठाऊक होतं. आम्हा दोघींखेरीज जगात कुणाला नाही.

घंटा वाजवायला तिथं कुणी नव्हतं. मी मध्येच उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या, तशीच लंगडत कपाटाशी गेले आणि डबे काढले. बैठकीत सुचलेलं मी पहिल्यांदा हातात घेतलं. व्रत मोडलं म्हणून त्या दिवशी मी उपास केला नाही.

संध्याकाळी हे आले, तबकावर झाकलेला रुमाल पाहिला.

"काय केलंस?"

"केलंय काहीतरी."

"मृणाल नको म्हणाली होती ना?"

"रुखवत नको म्हणालीय. टेबलावर काही ठेवणार नाही मी."

"मग मला तरी दाखव."

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि स्कूटरची किल्ली खिळ्याला अडकवता अडकवता थांबले. "सकाळी सोडायला येऊ?"

"चालत जाते."

त्या रुमालाखाली काय होतं ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही सांगणार नाही. ज्यानं ठेवायला घेतलं त्यानं ते सांगायचं नसतं, एवढं मी त्या पडद्यामागे शिकले.

लग्नाच्या दिवशी रांगोळी काढली, माळ पुरी केली. नवरीच्या खोलीत बायकांची गर्दी व्हायच्या आत पोचायचं होतं. चपलांत पाय घातले, तबक दोन्ही हातांत धरलं आणि जिना उतरायला लागले.